गोम ओळखताना रंगावर जाऊ नका

मृगाचा पहिला दणका झाला की माझ्या फोनवर गोमींचे फोटो यायला लागतात. कुणाच्या मोरीत निघालेली, कुणाच्या चपलेखाली सापडलेली, कुणी कुंडी उचलली तेव्हा खालून सळसळत गेलेली. सोबत दोनच प्रश्न असतात: "ही कुठली?" आणि "विषारी आहे का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. गोम म्हटली की विष आलंच. माणसाला त्याचा त्रास किती होणार एवढाच फरक. पहिल्या प्रश्नाला मात्र मी बहुतेक वेळा उलटा प्रश्न करते, "शेवटच्या पायांचा फोटो आहे का? आणि बाजूने काढलेला?" तो नसतो. सगळे फोटो वरून, लांबून, घाबरत काढलेले. त्यांत दिसतो तो फक्त रंग, आणि गोमेच्या बाबतीत रंगाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही.

मग ओळखायची कशी? त्यासाठी गोमेचं शरीर डोक्यापासून शेपटाकडे नीट बघत जावं लागतं. ते एकदा कळलं की वर्गीकरणातली अवघड वाटणारी नावं आपोआप जागेवर बसतात.

आधी आपल्या भाषेतल्या नावांचा गुंता सोडवू. लहान असली तर गोम, हातभर वाटावी अशी मोठी असली तर घोण, असा ढोबळ फरक अनेक ठिकाणी करतात. घोणस म्हणजे वेगळं प्रकरण. तो साप आहे. आणि पावसाळ्यात हात लावताच गुंडाळी करून पैशासारखा गोल होणारा, संथ चालणारा तो वाणी किंवा पैसा. सोयाबीनची कोवळी रोपं कुरतडतो म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. वाण्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने मिलिपीड म्हणतात आणि गोमेला सेंटिपीड. दोघांतला फरक एका नजरेत कळतो. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, वाण्याच्या बहुतेक खंडांना दोन. गोम शिकारी, वाणी पालापाचोळा खाणारा. गोम चपटी, वाणी नळीसारखा गोल. आणखी एक फरक पोटाशी दडलेला आहे: वाण्याचं जननद्वार डोक्याजवळच्या खंडांवर असतं, गोमेचं अगदी मागच्या टोकाला.

उदाहरण म्हणून आपण एकच जात घेऊ, स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स. कार्ल लिनिअसने १७५८ साली तिला हे नाव दिलं. स्कोलोपेंड्रा हा गोमेसाठीचा जुना ग्रीक शब्द. मॉर्सिटन्स म्हणजे लॅटिनमध्ये चावणारी. ती आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत सगळीकडे आढळते, आपल्याकडेही दगडाखाली, पाल्याखाली, बांधाच्या फटींत सापडते. साधारण बोटभर, फार तर त्याहून थोडी लांब. मी हिला निवडली याला कारण आहे. स्कोलोपेंड्रा या वंशाची ती आदर्श जात आहे, म्हणजे "स्कोलोपेंड्रा कशाला म्हणायचं?" असा वाद झाला तर शास्त्रज्ञ शेवटी हिच्याकडे बोट दाखवतात. शंभराच्या आसपास जातींच्या या वंशाचं नाव हिच्यावर टांगलेलं आहे.

डोकं आणि ते दोन "दात"

डोक्यावर वरून बघितलं तर एकच चकचकीत ढाल दिसते. तिच्या पुढून दोन मिशा निघतात. त्यांना शास्त्रात शृंगिका म्हणतात. त्या मण्यांच्या माळेसारख्या असतात. आपल्या या जातीत प्रत्येकीला साधारण १७ ते २३ मणी. बुडाशी असलेले पहिले सहा-सात मणी गुळगुळीत आणि चमकदार, त्यापुढचे बारीक लवेने मखमली झालेले. किती मणी गुळगुळीत आहेत हे जात ओळखताना खरोखर मोजतात. मिशांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चार-चार साधे नेत्र असतात, काळे ठिपके. एवढ्या डोळ्यांनी तिला उजेड आणि अंधार कळतो, त्यापलीकडे फारसं काही नाही. तिचं जग वासाचं आणि स्पर्शाचं आहे. म्हणून चालताना मिशा सतत चाचपडत असतात.

आता गोमेला उलटी करू, अर्थातच चित्रात किंवा काचेच्या डबीच्या तळातून. डोक्याखाली दोन मोठे, आत वळलेले, काळ्या टोकाचे आकडे दिसतील. सगळे त्यांना दात किंवा जबडा समजतात. ते पाय आहेत. धडाच्या पहिल्याच खंडाची पायांची जोडी पुढे वळली, जाड झाली आणि तिच्यात विषाची ग्रंथी आली. ग्रंथीतून निघालेली नळी नखीच्या टोकाजवळच्या छिद्रात उघडते. म्हणजे गोम "चावते" तेव्हा ती खरं तर आपल्याला पायाने टोचत असते. खाण्याचे खरे जबडे, आणि घास सावरायला मदत करणाऱ्या उपांगांच्या दोन जोड्या, या नख्यांच्या आड लपलेल्या असतात.

मला या सगळ्या शरीररचनेत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. विंचवाचं विष शेपटीत, कोळ्याचं तोंडाजवळच्या सुळ्यांत, सापाचं दातांत. चालायच्या पायाचं विषारी हत्यार करून ते तोंडाशी आणून ठेवणं हे गोमींनीच केलं. पृथ्वीच्या पाठीवर गोमींच्या ३,००० हून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्यांकडे या विषारी नख्या आहेत. गोमींचा वर्ग ओळखायचा असेल तर ही एक खूण पुरे आहे. १८१७ मध्ये फ्रान्सच्या लात्रेय यांनी या वर्गाला काइलोपोडा हे नाव दिलं. त्याचा शब्दशः अर्थच "ओठ-पाय" असा होतो.

नख्यांच्या मधोमध, पुढच्या कडेला, छोटे दात असलेल्या दोन पट्ट्या असतात. त्यांवरचे दात मोजणं हेही ओळख पटवण्याचं एक साधन. पण तिकडे आपण थांबायला नको, कारण खरी मजा धडात आहे.

शंभर पाय कधीच नसतात

संस्कृतातून आलेला शब्द शतपदी. इंग्रजी शब्दाचाही अर्थ तोच. आणि नेमके शंभर पाय असलेली गोम मिळणं जवळजवळ अशक्य आहे. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही सम संख्या. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात: १५, २१, २३, २७ आणि पुढे थेट १९१ पर्यंत. सम जोड्या असलेली गोम म्हणजे एखाद-दुसरा जन्मतः बिघडलेला जीव.

असं का, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांना फार काळ छळत होता. एक धागा मिळाला तो २००४ मध्ये, स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा या युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या बारीक गोमेच्या गर्भावर झालेल्या अभ्यासातून. तिच्या अंड्यात खंड तयार होताना ते एक-एक करून उमटत नाहीत, दोन-दोनच्या हिशेबाने उमटतात. मग जोड्या विषम कशा? इथे त्या विषारी नख्या आठवा. तीही मुळात पायांचीच जोडी. चालायच्या २१ जोड्या आणि नख्यांची एक, झाल्या २२. आपण मोजताना एक जोडी सोडून देतो आणि मग विषम संख्येचं नवल करतो.

स्कोलोपेंड्रा आणि तिचे भाऊबंद यांच्यात ही संख्या बहुतांशी २१ असते, काहींत २३. इतकी पक्की की ती या गणाची ओळखच मानली जायची. मग २००८ मध्ये ब्राझीलमधून एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, स्कोलोपेंड्रॉप्सिस डुप्लिकाटा. तिला जोड्या ३९ किंवा ४३. तिची अगदी जवळची बहीण त्याच देशात राहते आणि तिच्यात २१ किंवा २३ जोड्या असतात. म्हणजे मध्ये कुठल्याही पायऱ्या न घेता संख्या जवळजवळ दुप्पट झालेली. डुप्लिकाटा या नावात तेच आहे. हजारो वर्षांत एक-एक खंड वाढत गेला असेल अशी आपली सहज कल्पना असते. ही गोम तिला छेद देते. आणि दुप्पट होतानाही आकडा विषमच राहिला, हे विसरू नका.

पाठ, श्वास आणि तीन बाजूंची भोकं

पाठीवर एकामागे एक ढाली असतात, प्रत्येक खंडाला एक. वरवर बघता सगळ्या सारख्या, पण बोट ठेवून बघत गेलं तर एक लहान, एक मोठी, एक लहान, एक मोठी अशी लय सापडते. ही लय सातव्या आणि आठव्या खंडापाशी मोडते. तिथे काहीतरी वेगळं घडतं आणि त्यानंतर लय पुन्हा सुरू होते, पण सरकून. अगदी दूरच्या नात्यातल्या गोमींतही हा अडखळा त्याच जागी असतो.

तो का महत्त्वाचा, तर श्वासाची भोकं या लयीवर बसलेली आहेत. गोमेला फुप्फुसं नाहीत. शरीराच्या दोन्ही कडांना, पायांच्या थोडं वर, श्वासरंध्रं असतात. तिथून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यात शिरते आणि थेट स्नायूंपर्यंत पोचते. स्कोलोपेंड्रामध्ये ही रंध्रं ३, ५, ८, १०, १२, १४, १६, १८ आणि २० या खंडांवर असतात. नऊ जोड्या. सातव्यावर काही नाही, म्हणून पाचावरून उडी थेट आठवर. आणि प्रत्येक रंध्राचा आकार त्रिकोणी, आत तीन पाकळ्यांची झडप.

आता आपल्या अंगणातलीच दुसरी गोम घ्या, ऱ्हायसिडा या वंशातली. वरून पाहिली तर मॉर्सिटन्सची सख्खी बहीण वाटेल, पायांच्या तितक्याच २१ जोड्या, तसेच चार-चार नेत्र. बाजूने भिंग लावलं की दोन गोष्टी दिसतात. रंध्रं त्रिकोणी नाहीत, गोलसर आहेत. आणि सातव्या खंडावरही एक जोडी आहे, म्हणजे एकूण दहा. एवढ्याशा फरकावर दोघी एकाच कुलातल्या दोन वेगळ्या उपकुलांत जातात. बाजूने काढलेला फोटो मी का मागते ते आता कळलं असेल.

पाणी धरून ठेवण्यात मात्र तिची एक दुबळी बाजू आहे. कीटकांच्या कवचावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. गोमेकडे तसा थर कमी पडतो. कोरड्या हवेत तिच्या शरीरातलं पाणी भराभर उडून जातं. म्हणून ती रात्री फिरते, दिवसा दगड-पाल्याखाली ओल शोधून पडून राहते. पावसाळ्यात मात्र उलटं होतं. बिळात पाणी भरलं की ती बाहेर पडते आणि आपल्या घराची थंड, ओलसर मोरी तिला बरी वाटते. माणसाला चावायला कुणी गोम घरात येत नाही.

शेवटची जोडी

एकविसाव्या जोडीचं काम चालणं नाही. ती मागे ओढत नेलेली असते, जाड, काट्यांची, कधी शेपटासारखी, कधी चिमट्यासारखी. तिने गोम मागचं जग चाचपते, शत्रूला धमकावते, भक्ष्य धरते, आणि कधीकधी याच जोडीने लोंबकळते. अनोळखी माणसाला गोमेचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे पटकन कळत नाही, यालाही ही जोडी कारणीभूत आहे.

वर्गीकरण करणाऱ्याला या पायांत खजिना सापडतो. पायाच्या पहिल्या मोठ्या भागावर खालच्या बाजूला काट्यांच्या रांगा किती, आतल्या कडेला किती, टोकाशी असलेल्या उंचवट्यावर किती, पायाच्या बुडाशी छिद्रांनी भरलेला जो भाग असतो त्याच्या शेपटाकडच्या टोकावर किती, हे सगळं मोजून नोंदवतात. मॉर्सिटन्सच्या नरात तर आणखी एक खूण आहे. त्याच्या या पायांची वरची बाजू चपटी होते आणि तिला दोन्हीकडून कडा येते. मादीत तसं नसतं. गोमींत नर-मादी बाहेरून ओळखता येणं ही दुर्मीळ सोय आहे.

दुसऱ्या वंशांनी या जोडीचं काय काय केलं आहे ते बघण्यासारखं आहे. आफ्रिकेतल्या अलिपेस वंशात हे पाय पानासारखे रुंद होतात आणि ती ते हलवून सळसळ आवाज करते. आपल्या सह्याद्रीतल्या डिजिटिपेस वंशात नराच्या या पायावर बोटासारखा एक उंचवटा असतो. वंशाच्या नावातच बोट आणि पाय हे दोन्ही शब्द आहेत.

शरीराच्या आतलं थोडक्यात सांगते, कारण ते तुलनेने साधं आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत सरळ अन्ननलिका. पाठीच्या खाली लांब नळीसारखं हृदय. पोटाच्या बाजूने मज्जारज्जूची दुहेरी दोरी आणि तिच्यावर प्रत्येक खंडात एक गाठ. उत्सर्जनासाठी दोन लांब नळ्या. जननग्रंथी अन्ननलिकेच्या वर. खंडाखंडाला स्वतःची मज्जागाठ असल्यामुळे पाय लाटेसारखे हलतात. मेंदूने प्रत्येक पायाला वेगळा हुकूम द्यावा लागत नाही.

आता तिचं घर शोधू

वरून खाली येऊ. सांधेपाद प्राण्यांत कीटक, कोळी-विंचू, खेकडे-झिंगे आणि बहुपाद हे मोठे गट. बहुपादांत चार वर्ग, त्यांत गोमी आणि वाणी हे आपल्या ओळखीचे. उरलेले दोन मातीतले इवलेसे फिक्कट जीव आहेत, ते सहसा नजरेला पडत नाहीत.

गोमींच्या वर्गात आज जिवंत असलेले पाच गण. एकात लांब काटकुळ्या पायांच्या, भिंतीवरून वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गोमी, १५ जोड्यांच्या. त्यांची श्वासरंध्रं कडेला नसून पाठीवर मधोमध असतात आणि त्यांचे डोळे कीटकांसारखे संयुक्त असतात. दुसऱ्यात दगडाखालच्या छोट्या तपकिरी गोमी, त्यांनाही १५ जोड्या. तिसऱ्या गणात फक्त दोन जाती, एक टास्मानियात आणि एक न्यूझीलंडमध्ये. चौथा गण स्कोलोपेंड्रांचा. पाचव्यात मातीत घुसणाऱ्या दोऱ्यासारख्या आंधळ्या गोमी. सर्वाधिक पाय यांनाच.

या गणांत एक मोठी दरी आहे आणि ती पिल्लांकडे बघून दिसते. पहिल्या दोन गणांची पिल्लं कमी पायांनी जन्मतात आणि कात टाकत टाकत पाय वाढवतात. स्कोलोपेंड्रा आणि मातीतल्या गोमींची पिल्लं मात्र अंड्यातून पूर्ण पायांनिशी बाहेर येतात. आणि या दोन्ही गणांत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. ती अंडी चाटून बुरशीपासून स्वच्छ ठेवते, आठवडेच्या आठवडे शिकारीला जात नाही. तिला फार त्रास दिला तर ती अंडी टाकून जाते किंवा खाऊन टाकते. दगड उलटल्यावर वेटोळं घातलेली गोम आणि मध्ये पिवळसर मण्यांची गुठळी दिसली, तर दगड हळूच होता तसा ठेवा.

स्कोलोपेंड्रांच्या गणात पाच कुलं आहेत. मॉर्सिटन्सचं कुल स्कोलोपेंड्रिडी. इथे बहुतेक सगळ्यांना दोन्ही बाजूंना चार-चार नेत्र आणि २१ जोड्या. बाकीच्या कुलांतल्या बहुतेक गोमी आंधळ्या, आणि २३ जोड्या असलेलं कुलही त्यांच्यातलंच. त्यापुढे वंश. त्रिकोणी रंध्रं असली की आपण स्कोलोपेंड्रा आणि तिच्या जवळच्या काही वंशांत येतो, गोलसर असली की ऱ्हायसिडा, डिजिटिपेस, एथ्मोस्टिग्मस वगैरेंत. एथ्मोस्टिग्मसची रंध्रं तर मोठी, ठळक असतात. ग्रीक "एथमॉस" म्हणजे चाळणी. शेवटी जात, आणि तिथे काटे, दात, मणी, पाठीवरच्या रेघा मोजण्याला पर्याय नाही.

रंगाचं काय, असं तुम्ही म्हणाल. मॉर्सिटन्समध्ये पिवळट-तपकिरी अंगावर प्रत्येक ढालीच्या मागच्या कडेला गडद पट्टा, हे रूप आपल्याकडे नेहमीचं. पण हीच जात दुसरीकडे लालसर डोक्याची, निळसर पायांची, जवळजवळ एकरंगी अशीही असते. पिल्लांचा रंग वेगळा, मोठ्यांचा वेगळा, नुकती कात टाकलेलीचा आणखी वेगळा. या रंगांमुळे एकाच जातीला जगभरात डझनावारी नावं मिळाली आणि ती एकेक करून रद्द करावी लागली.

त्यांतली एक कहाणी आपल्या अभ्यासक्रमाशी जोडलेली आहे. १९४६ मध्ये ब्राझीलमधल्या वोल्फगांग ब्युखर्ल यांनी मॉर्सिटन्सच्या एका रूपाला "अमेझॉनिका" हे नाव दिलं. पुढे भारतातल्या गोमीही त्याच नावाखाली अभ्यासल्या गेल्या. बी. एस. जंगी यांनी पन्नास-साठच्या दशकांत भारतीय गोमेच्या शरीररचनेवर अतिशय बारकाईने काम केलं, आणि त्यातलं बरंचसं या अमेझॉनिकाच्या नावाने छापलं गेलं. अमेझॉनचं नाव लावलेली गोम भारतातल्या प्रयोगशाळांत चिरली जात होती. आज अमेझॉनिका हे नाव मॉर्सिटन्समध्येच विलीन झालं आहे. जंगींचं काम मात्र टिकलं, कारण त्यांनी जे पाहिलं ते नीट रेखाटून ठेवलं होतं; वरची पाटी बदलली तरी आतली गोम तीच. १९८४ मध्ये त्यांनी आणि सी. एम. एस. दास यांनी दख्खनच्या पठारावरच्या या कुलाचा आढावा घेतला. महाराष्ट्रात गोमींवर काम करणाऱ्याला आजही तिथून सुरुवात करावी लागते.

रंग खरोखर उपयोगी पडतो अशी आपल्याकडची एक गोम आहे, स्कोलोपेंड्रा हार्डविकी. एक खंड शेंदरी, एक काळा, पुन्हा शेंदरी, असे वाघासारखे पट्टे. जॉर्ज न्यूपोर्ट यांनी १८४४ मध्ये तिचं वर्णन केलं. नाव थॉमस हार्डविक यांच्यावरून, जे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते आणि भारतातल्या प्राण्यांची चित्रं जमवायचे. ती भारत आणि श्रीलंकेत आढळते. एकदा पाहिली की विसरणं शक्य नाही. पण एवढ्या एका जातीवरून सगळ्याच गोमी रंगाने ओळखता येतील असं धरून चालणं, हीच मोठी चूक होते.

आणि कधीकधी रंगच काय, काटे मोजूनही भागत नाही. सह्याद्रीच्या जंगलांतल्या एथ्मोस्टिग्मसवर जान्हवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम्ब यांनी काम केलं. दिसायला जवळजवळ सारख्या गोमींचा डीएनए त्यांनी शरीररचनेच्या जोडीने तपासला आणि २०१८ मध्ये नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतल्या एकीचं नाव सह्याद्रेन्सिस, दुसरीचं अगस्त्यमलाईच्या डोंगरावरून. या गोमींचा इतिहास त्यांनी मागे नेत नेत क्रिटेशस काळापर्यंत, गोंडवन हा प्राचीन महाखंड तुटत होता त्या काळापर्यंत नेला. गोम फार लांब जाऊ शकत नाही. उडत नाही, उन्हात टिकत नाही, ओल सोडून हलत नाही. म्हणूनच डोंगर, खिंडी आणि खंड यांचा जुना इतिहास तिच्या वंशावळीत राहून जातो. मला विचाराल तर गोमींचा अभ्यास करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

गोमींचं घराणं तसं फारच जुनं. गोमींचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीचे. स्कोलोपेंड्रांच्या गणातला जुना जीवाश्म अमेरिकेतल्या इलिनॉयमधला, ३० कोटी वर्षांपलीकडचा.

विषाबद्दल

शेवटी त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो विचारणाऱ्याची भीती खरी असते. मॉर्सिटन्स किंवा तिच्या बहिणीने टोचलं तर आग होते, सूज येते, काही तास ठणकतं. निरोगी मोठ्या माणसाचा जीव जाणं अत्यंत विरळ. जागा साबण-पाण्याने धुवावी. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय ठेवल्याने अनेकांचा ठणका कमी होतो, काहींना बर्फाने बरं वाटतं. मूल लहान असेल, चावा चेहऱ्यावर असेल, श्वास लागत असेल, अंगावर गांधी उठत असतील तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. कापणं, चोखणं, तंबाखू लावणं यातलं काहीही करू नये.

भक्ष्याच्या दृष्टीने मात्र हे विष भयंकर आहे. २०१८ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी स्कोलोपेंड्रा सबस्पिनिपेसच्या लाल डोक्याच्या उपजातीवर काम प्रसिद्ध केलं. तीन ग्रॅमची ही गोम आपल्या पंधरापट वजनाचा उंदीर अर्ध्या मिनिटात निपचित पाडते. तिच्या विषातला एक घटक पेशींच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाटा बंद करतो, आणि हृदय, श्वास, स्नायू सगळे एकदम कोलमडतात. फेफऱ्यावरचं एक जुनं औषध याच वाटा उघडतं, म्हणून ते उतारा ठरू शकेल असं त्यांनी सुचवलं. दक्षिण अमेरिकेतली स्कोलोपेंड्रा जायगँटिया तर फूटभर वाढते. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत ती छताला लटकून वटवाघळं पकडताना शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. वजन पेलायला मागचे पाय खडकात रुतवलेले, पुढच्या पायांत वटवाघूळ. आग्नेय आशियातली स्कोलोपेंड्रा कॅटॅरॅक्टा तर पाण्यात पोहते. २०१६ मध्ये तिचं वर्णन झालं तेव्हा गोमेची पाण्यात शिरणारी अशी जात आपल्याला पहिल्यांदाच कळली. एकाच वंशाच्या या बहिणी, शरीराचा साचा तोच, २१ जोड्या त्याच.

तर पुढच्या वेळी मोरीत गोम निघाली तर हे करून बघा. पारदर्शक प्लास्टिकचा उंच डबा तिच्यावर पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, झाकण लावा. हात मध्ये आणू नका. पाच मिनिटं डबा सावलीत ठेवा, म्हणजे ती शांत होईल. मग फोन डब्याच्या बाजूला लावून, पाठीचा नव्हे, कडेच्या रेषेचा फोटो घ्या, सातवा आणि आठवा खंड त्यात आला पाहिजे. दुसरा फोटो शेवटच्या पायांचा. तिसरा डबा वर धरून तळातून डोक्याचा, नख्या दिसतील असा. मग तिला घरापासून लांब, ओल्या पाल्यात सोडून द्या. आणि ते तीन फोटो मला पाठवा.